टुम्मसचं दुसरं गाणं

माझा धाकटा दीर टुम्मस याला एखादा अगदी साधा प्रश्न विचारून बघा. "टुम्मस, बाहेर पाऊस आहे का रे?" तो खिडकीशी जाईल, काचेवरून ओघळणारं पाणी नीट न्याहाळेल, मान वाकडी करून आभाळ बघेल आणि म्हणेल, "तसं दिसतंय तरी. बघू." मालन, म्हणजे त्याची बायको, त्याला जेवण कसं झालंय हे विचारायच्या भानगडीत पडत नाही. ताट रिकामं झालं की बरं झालं असेल असं ती धरून चालते.

नवे पाद्रीबाबा गावात आले तेव्हा त्यांना वाटलं, काय हा विचारी माणूस! घाईने बोलत नाही, कुणाविषयी मत देत नाही. त्यांनी त्याला चर्चच्या समितीवर घ्यायचं ठरवलं आणि मला येऊन विचारलं. मी हातातली कॉफी सांडली. विचारी कसला डोंबलाचा! घाबरलेला होता तो. ज्याच्यावर एकदा गाणं झालं आहे आणि ज्याला दुसरं गाणं होऊ द्यायचं नाही, असा माणूस तोंड उघडायच्या आधी दहादा विचार करतोच.

आमच्याकडे कुणी जगावेगळा मूर्खपणा केला की त्याच्यावर गाणं होतं. हिवाळा सरत आला की गावच्या हॉलमध्ये सगळे फेर धरतात. वाद्य काही नाही, पायांचा ठेका आणि गळा. आधी जुन्या राजांची आणि लढायांची लांबलचक गाणी, मग त्या वर्षीच्या मूर्खाचं. ज्याच्यावर गाणं आहे त्याला दोन दणकट माणसं दोन्ही दंडांना धरून फेरात उभं करतात, म्हणजे शेवटचं कडवं होईपर्यंत त्याला पळता येत नाही. गाणं चांगलं जमलं तर ते माणसाच्या मागेही उरतं. माझ्या सासऱ्यांच्या मामाने एकदा सीलमासा समजून शेजारणीच्या काळ्या गोणपाटावर गोळी झाडली होती. मामाचा चेहरा आता कुणाला आठवत नाही, पण गोणपाट अजून हॉलमध्ये मरतं आहे.

टुम्मसचं पहिलं गाणं तेलाचं. आमची पोरंबाळं अजून घरातच होती त्या काळी, आमच्या फेरो बेटांभोवती समुद्राच्या तळाखाली तेल आहे अशी हाक उठली. मोठमोठी जहाजं आली. रेडिओवर रोज तेच. तेव्हा थोडंथोडं वेड सगळ्यांनाच लागलं होतं, उगाच खोटं कशाला बोला, पण टुम्मस जे करतो ते पूर्ण करतो. त्याने मासेमारी सोडली. राजधानीला, टोर्सहाव्नला जाऊन समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करायचं शिक्षण घेऊन आला आणि येताना नारिंगी रंगाचा अंगभर सूट आणि हेल्मेट घेऊन आला. ते घालून तो मेंढ्यांना चारा घालायचा. मेंढ्या बिचकायच्या. बोटीची पडवी रिकामी करून त्याने तिथे खाटा मांडल्या, कारण परदेशी इंजिनियर राहायला येणार होते. "उन्हातली माणसं ती, गारठतील," असं म्हणून त्याने मालनला लोकरी पांघरुणांच्या कामाला लावलं. मालनने विणायला घेतली. ती कमी बोलते आणि भराभर विणते.

तेव्हा त्याच्या तोंडी 'बघू' नव्हतं. "लिहून ठेव वहिनी," मला म्हणायचा, "पाच वर्षांत या गावात कुणी मासे पकडणार नाही. मासे आपण विकत घेऊ."

"कुणाकडून?" मी विचारलं.

"तुला धंद्यातलं कळत नाही," असं म्हणून तो निघून गेला.

जहाजांनी भोक पाडलं, मग दुसरं पाडलं, मग आणखी पाडली. वर काय आलं? खडक, चिखल आणि म्हणे थोडासा वास. जहाजं निघून गेली. पडवीतल्या खाटांवर त्या हिवाळ्यात मेंढ्यांची पिल्लं झोपली, अंगावर मालनची पांघरुणं घेऊन. आणि त्याच हिवाळ्यात मोर्टनने गाणं केलं.

मोर्टन आमचा दुकानदार. बटाटे सडके देईल, पण कडवं कधी सडकं देणार नाही. गाण्यात टुम्मस शेख होता, नारिंगी झगा घालून मेंढ्यांच्या कळपातून फिरत होता.

आमचा टुम्मस शेख, त्याची विहीर दर्यापल्याड,
बादली भरून चिखल आला, तेल राहिलं आड!
ओढा गड्यांनो, ओढा, तेल राहिलं आड!

दोन खलाशांनी त्याला धरलं होतं आणि तो मान खाली घालून उभा होता. अख्खा हॉल पाय आपटत होता. मीही आपटत होते, का नाही आपटायचे? गाणं फक्कड होतं. पण दुसऱ्या दिवशी दुकानात पोरांनी "शेखकाका" अशी हाक मारली, आणि त्या दिवसापासून टुम्मसने ठरवून टाकलं की यापुढे आपण कशाबद्दल काही म्हणायचंच नाही. जो काही म्हणतच नाही त्याच्यावर गाणं करणार कसं? पंधरा वर्षं त्याने हे निभावलं. मोर्टन वाट बघून थकला.

पुढचं सगळं माझ्या मुलीमुळे झालं. बिरिता डेन्मार्कला शिकून पवनचक्क्यांची इंजिनियर होऊन आली होती. आमच्या गावाची वीज धक्क्यावरच्या डिझेलच्या इंजिनातून यायची, आणि डिझेल जहाजातून. समुद्र खवळला की जहाज धक्क्याला लागायचं नाही. म्हणजे घरांची छपरं उडतील एवढा वारा सुटला की आम्ही बसायचो मेणबत्त्या लावून. वारा जितका जास्त, तितका अंधार जास्त. आम्हाला यात काही विचित्र वाटत नव्हतं. बिरिता पहिल्याच वादळात मेणबत्तीसमोर बसली आणि इतकी हसली की मला वाटलं पोरीला ताप आलाय.

तिला पवनचक्की उभारायची होती भूशिराच्या वरच्या सपाटीवर. ते आमचं सामाईक कुरण. पण त्यातला निम्म्याहून जास्त वाटा टुम्मसचा, आईकडून आलेला. आणि नेमकी तीच सपाटी एका तेल कंपनीलाही हवी होती. पुन्हा एकदा खणायचं म्हणत होते. त्यांना तिथे गोदाम आणि हेलिकॉप्टर उतरवायची जागा करायची होती. दोन्ही गोष्टी एका जागेवर मावत नव्हत्या, तेव्हा हॉलमध्ये सभा भरली.

कंपनीचा सुटातला माणूस बोलला. नोकऱ्या, रस्ते, भरभराट. मग बिरिता बोलली. मग सगळ्यांनी माना वळवून टुम्मसकडे पाहिलं.

"बघू," टुम्मस म्हणाला.

"काका," बिरिता म्हणाली, "बघूला हो धरू की नाही धरू?"

"तसं... दोन्हीकडून..."

"टुम्मस," मी मागून ओरडले, "पोरीने सरळ विचारलंय, सरळ सांग!"

तो उभा राहिला. कोपऱ्यात मोर्टन बसला होता, हाताची घडी घालून, चर्चमध्ये बसावं तसा शांत. टुम्मसने त्याच्याकडे पाहिलं आणि घाम पुसला. "तेलाला नाही," तो म्हणाला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून सरळ उत्तर निघालं होतं. "साहेब, मी तुमच्या तेलाची वाट बघितली आहे. माझ्याकडे अजून खाटा आहेत. समुद्राखाली काय आहे ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. पुन्हा नाही बघणार मी वाट." सुटातला माणूस काहीतरी बोलायला गेला, तर मालनने त्याच्यापुढे केकचा तुकडा सरकवला. तिच्या भाषेत याचा अर्थ, विषय संपला.

बिरिताचा चेहरा फुलला. तेवढ्यात टुम्मस म्हणाला, "आणि वाऱ्यालाही नाही."

"का पण, काका?"

"माझं मांस."

आता हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. टुम्मसच्या वाळवलेल्या मांसाला आमच्याच नाही, शेजारच्या बेटांवरही तोड नाही. किनाऱ्यावर त्याची वाळवणाची खोपी आहे. भिंती फळ्यांच्या, दोन फळ्यांत बोटभर फट. ऑक्टोबरात मेंढे कापले की आत टांगायचे. मीठ नाही, धूर नाही, जे काय करायचं ते वाऱ्याने. इकडून शिरायचं, तिकडून निघायचं. वारा बरोबर मिळाला तर नाताळपर्यंत असं मांस तयार होतं की बाहेरचा माणूस वासानेच पळतो आणि आमचा माणूस वासानेच येतो. त्याच्यावर गाणं करणारा मोर्टनही एक तंगडी आधीच सांगून ठेवतो.

"ती चक्की वारा खाणार," टुम्मस म्हणाला. "खाणार म्हणजे खाणारच, नाहीतर वीज येते कुठून? आणि खाऊन उरलेलं उष्टं वारं माझ्या मांसाला? नाही चालायचं."

"काका, वारा उष्टा होत नाही!"

"मी करून दाखवतो." आणि त्याने पिशवीतून टेबलफॅन काढला. माणूस तयारीनिशी आला होता! दोन ओले मोजे दोरीवर टांगले. एका मोज्यापुढे नातवाचं कागदी भिरभिरं लावलं, दुसरा मोकळा ठेवला आणि फॅन चालू केला. ज्याच्यापुढे भिरभिरं आहे तो ओला राहणार, कारण भिरभिरं वारा खाणार. आम्ही सगळे कॉफी पीत मोजे वाळायची वाट बघत बसलो. सुटातल्या माणसालाही बसावं लागलं, त्याची बोट यायची होती. बऱ्याच वेळाने मालनने उठून मोजे चाचपले. भिरभिऱ्यामागचा मोजा खडखडीत वाळला होता. मोकळा ओलाच.

"हा पिळलाच नव्हता नीट!" टुम्मस म्हणाला.

"पिळले तूच," मालन म्हणाली.

मोर्टनच्या ओठांची हालचाल मला लांबून दिसली. पण माझी मुलगी भाबडी आणि प्रामाणिक, तिने मध्येच तोंड घातलं. "खरं सांगायचं तर काका, चक्कीच्या लगेच मागे वारा जरासा मंदावतो. पण ती वर आणि तुमची खोपी कुठे खाली किनाऱ्यावर..."

"ऐकलं?" टुम्मसने सगळ्यांकडे वळून पाहिलं. "डेन्मार्कची इंजिनियर म्हणते, मंदावतो!" मोजा विसरला, सगळं विसरला. शेवटी असं ठरलं की चक्की उभी करायची, पण मांस वाळायच्या दिवसांत टुम्मस म्हणेल तेव्हा ती थांबवायची. बिरिताने कपाळाला हात लावला आणि हो म्हटलं. टुम्मस घरी जाताना मला म्हणाला, "वहिनी, कुठे काही चुकीचं बोललो नाही ना मी? गाण्यासारखं?" मी म्हटलं, मोजा सोडला तर नाही. त्या रात्री तो झोपला नाही म्हणे.

पुढच्या उन्हाळ्यात चक्की उभी राहिली. पाती बोटीतून आली तेव्हा व्हेल आल्यासारखा अख्खा गाव धक्क्यावर जमला. पहिलं मोठं वादळ आलं आणि आमच्या घराघरांत दिवे लागलेले! मी मुद्दाम सगळ्या खोल्यांतले लावले आणि बाहेर जाऊन स्वतःच्याच घराकडे बघत पावसात उभी राहिले. धक्क्यावरचं इंजिन गप्प होतं. त्याचा आवाज जन्मभर कानांत होता, तो नाही म्हटल्यावर लाटा ऐकू आल्या. मला रडू आलं, यात लपवायचं काय.

ऑक्टोबर आला, टुम्मसचे मेंढे खोपीत टांगले गेले. तो खोपीच्या दाराशी पिंपावर बसायचा आणि वर चक्कीकडे टक लावून बघायचा, कधी एकदा ती वारा खाते आणि तो तिला पकडतो. पण झालं भलतंच. ज्या दिवशी चक्की गरागरा फिरायची त्या दिवशी मांस छान वाळायचं. ज्या दिवशी ती मंद, त्या दिवशी मांसही मंद. टुम्मसने हे बघितलं, पुन्हा बघितलं. चक्की थांबवा असं तो एकदाही म्हणाला नाही. उलट सकाळी उठल्याबरोबर तिच्याकडे बघून मान हलवायला लागला, जुन्या ओळखीच्या माणसाला हलवावी तशी.

मग तो भिकार आठवडा आला. हवा उबदार, धुकं असं दाट की मेंढ्या एकमेकींवर आदळत होत्या, आणि वारा ठार बंद. आमच्याकडे असं होत नाही. म्हाताऱ्यांना चक्कर यायला लागली, जन्मभर वाऱ्यावर रेलून उभं राहायची सवय. खोपीत मांसाला घाम सुटला. तिसऱ्या दिवशी माश्या आल्या. टुम्मसने धक्क्यावरच्या इंजिनाच्या विजेवर फॅन नेऊन लावला, मालनने पुठ्ठ्याने वारा घातला, पण अख्खे मेंढे ते, काय होणार? त्या मांसाशिवाय टुम्मसचा नाताळ म्हणजे घंटेशिवाय चर्च. आणि वर धुक्यातून चक्कीची पाती दिसायची, निवांत.

मी त्या सकाळी दुकानातच होते. बिरिता कॉफीची पाकिटं बघत होती, आणखी चारपाच बायका होत्या, मोर्टन बटाटे तोलत होता. दार धाडकन उघडलं. टुम्मस आत आला, केस उभे, बाहीला मेंढीची चरबी.

"बिरिता!" तो ओरडला. "बंद का ठेवली आहेस ती? माझं मांस कुजतंय तिकडे! लाव की चालू! जोरात लाव!"

बिरिताला कळेना. "काय लावू, काका?"

"चक्की! चक्की लाव, म्हणजे जरा वारा येईल!"

टुम्मसचं तोंड उघडंच होतं. आपण काय बोललो ते त्याच्या कानांतून आत उतरताना आम्हाला सगळ्यांना दिसलं. जो माणूस चक्की वारा खाते म्हणून भांडला होता, तोच आता तिच्याकडे वारा मागायला आला होता. बिरिताने ओठ घट्ट मिटून कॉफीच्या पाकिटामागे तोंड लपवलं. आणि मोर्टनने? त्याने बटाटे हळूच खाली ठेवले, हात पुसले आणि आयुष्यात कधी नव्हे इतक्या नम्रपणे विचारलं, "आणखी काही हवं होतं का, टुम्मस?"

टुम्मस वळला आणि गेला. पंधरा वर्षांची मेहनत एका वाक्यात पाण्यात. दोन दिवसांनी वारा सुटला, अर्धं मांस वाचलं, पण त्याला त्याचं काही राहिलं नव्हतं. मालन म्हणायची, तो आरशासमोर उभा राहून चेहरा तयार करतो आहे, गाणं चालू असताना करायचा. मोर्टनच्या दुकानाच्या मागच्या खोलीतून मात्र संध्याकाळी पाय आपटल्याचा आवाज यायचा.

आणि जानेवारीत टुम्मसच्या छातीत दुखायला लागलं. खड्ड्यात पडलेली मेंढी ओढून काढत होता. हेलिकॉप्टरने टोर्सहाव्नला नेला, हृदयाच्या नळीत कसलीशी जाळी बसवली आणि आठवड्याने परत आणला. डॉक्टरांनी सांगितलं, घाबरायचं कारण नाही, फक्त ओझी उचलू नका आणि डोक्याला त्रास करून घेऊ नका. मालनने ते शेवटचंच धरलं. थेट दुकानात गेली आणि मोर्टनला म्हणाली, "या वर्षी गाणं नको."

"पण मालन, झालंय गं सगळं! चाळीस कडवी आहेत!"

"नको म्हणजे नको."

मोर्टन दोन दिवस दुकान उघडायला आला नाही. पण गावाने ऐकलं. ऐकलं कसलं, कमालच केली. जो तो टुम्मसशी गोड बोलायला लागला. पोरं "काका, बरं आहे का?" विचारायची. मोर्टन त्याला निवडून बटाटे द्यायचा, एकही सडका नाही. पाद्रीबाबा आठवड्यातून दोनदा यायचे आणि जाताना उगाच त्याचा हात हातात धरून ठेवायचे. वारा, चक्की, मांस, यातला एक शब्द कुणी त्याच्यापुढे काढत नव्हतं. मला हे मुळीच पटलं नव्हतं. मी मालनला सांगितलंही, की बाई, माणूस आजारी आहे, काचेचा नाही. तिने माझ्यापुढे केक सरकवला.

फेब्रुवारीतला नाच आला. टुम्मस नवा सदरा घालून, केस चापून हॉलमध्ये आला. चेहरा तयार होता. फेर धरला गेला. राजाचं गाणं झालं, दुसऱ्या राजाचं झालं, पाय तापले, भिंती घामेजल्या. टुम्मस एकेका गाण्यानंतर खांदे आवळून तयार व्हायचा. मग मूर्खाचं गाणं लागलं, आणि ते निघालं धक्क्यावरच्या रखवालदाराचं, ज्याने आपली समजून दुसऱ्याची बोट रंगवली होती. बरं होतं, यथातथाच. ते संपलं, लोक पाणी प्यायला पांगले. कुणी टुम्मसकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे सगळ्यांनी मिळून न बघण्याचा इतका जोर लावला की आंधळ्यालाही कळावं.

मी स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते. टुम्मस आत आला आणि त्याने दार लावून घेतलं. चेहरा पांढराफटक.

"वहिनी," तो म्हणाला, "तू माझ्याशी कधी गोड बोलली नाहीस. म्हणून तुला विचारतो. किती दिवस आहेत माझे?"

"कसले दिवस?"

"डॉक्टरांनी मालनला सांगितलंय, होय ना? आणि तिने तुम्हाला. मी दुकानात जे बोललो त्याच्यावर गाणं होत नाही म्हणजे काय? तसलं वाक्य शंभर वर्षांत कुणी बोललं नसेल! आणि मोर्टन गप्प? मोर्टन मला चांगले बटाटे देतो, वहिनी." त्याने दार नीट लागलंय ना ते चाचपून पाहिलं. "मरणाऱ्या माणसावर गाणं करत नाहीत. मला माहीत आहे. सांग खरं."

मला आधी हसू फुटलं. मग कळलं, हा खरंच विचारतोय. जानेवारीपासून हा माणूस रोज त्या चांगल्या बटाट्यांकडे बघून मनात आपलं थडगं खणत बसला होता, आणि आम्ही आपले गोड बोलत होतो! असा संताप आला मला, गावाचा, मालनचा, पाद्रीबाबांच्या हात धरण्याचा, आणि ह्या गाढवाचाही.

"मेल्या," मी म्हणाले, "तू आम्हा सगळ्यांना पोचवूनच जाणार आहेस. डॉक्टर म्हणाले ओझी उचलू नकोस, एवढंच. बाकी सगळं तुझ्या बायकोचं खूळ. गाणं तयार आहे. चाळीस कडव्यांचं."

तो टेबलाला धरून उभा राहिला. "चाळीस?"

"शेखचं किती होतं?"

"बावीस," तो म्हणाला. बरोबर पाठ होतं त्याला.

मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं आणि हॉलच्या मधोमध उभं केलं. "मोर्टन," मी ओरडले, "काढ ते बाहेर! हा माणूस जिवंत आहे!" मोर्टनने मालनकडे पाहिलं. सगळ्यांनी मालनकडे पाहिलं. ती विणकाम बाजूला ठेवून आली, टुम्मसच्या तोंडाकडे तिने बराच वेळ बघितलं, आणि त्याचा दुसरा दंड धरला. नियम दोन दणकट पुरुषांचा आहे, पण आम्हा दोघींना हटकायची कुणाची हिंमत झाली नाही.

फेर पुन्हा जुळला. मोर्टनने घसा साफ केला. आनंदाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दमट हवेचा आठवडा, मांसाला फुटला घाम,
टुम्मस आला दुकानात सोडून सगळं काम.
"वर उभा तो पंखा मोठा, बंद कुणी केला?
लाव की गं जोरावर, माझा मेंढा गेला!"
फिरव पोरी, फिरव गं, माझा मेंढा गेला!

"मेंढा गेला असं मी म्हणालोच नव्हतो!" टुम्मस ओरडला. "मी म्हणालो, कुजतंय!"

"यमकाला लागतं, गप!" मोर्टन गाता गाता म्हणाला, आणि अख्खा हॉल पाय आपटत पुढच्या कडव्यात शिरला. दहाव्या कडव्यात मोजे आले. विसाव्यात उष्टं वारं आलं. माझी बिरिता हसून हसून भिंतीला टेकली होती. टुम्मस ढसाढसा रडत होता आणि प्रत्येक ध्रुवपदाला सगळ्यात मोठ्याने गात होता.

त्या नाचाला त्याला आम्ही दोघींनी धरलं होतं असं गावात सांगतात. माझ्या दंडावर पुढे कितीतरी दिवस त्याच्या बोटांचे वळ होते.